घरगुती व्हिडिओ कॅमेरा : टेप गेली, कार्ड आलं, आणि मधली कोकणातली वर्षं

मालवण-कुडाळ पट्ट्यात अजूनही लोक दुकानात जाऊन ‘हँडीकॅम दाखवा’ असंच म्हणतात. समोर येतो तो कधी काडेपेटीपेक्षा थोडा मोठा अ‍ॅक्शन कॅमेरा, कधी दांड्यावर मान हलवणारा पॉकेट कॅमेरा. ‘हँडीकॅम’ हे मुळात एका जपानी कंपनीचं १९८५ मधलं व्यापारी नाव. पण आपल्याकडे ते घरात वापरायच्या कुठल्याही छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं नाव होऊन बसलं. बारसं, माटवीखालची (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालची) आरती, अंगणातली पोरं, आजीची गाऱ्हाणी असं रोजचं टिपायला कॅमेरा घ्यायचा म्हटला की आज जे प्रश्न पडतात, त्यातले बरेचसे या नावाच्या मागे दडलेल्या चाळीस वर्षांत तयार झाले आहेत.

अगदी सुरुवातीचा भाग थोडक्यात. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात बसवलेलं पहिलं घरगुती यंत्र १९८३ मध्ये आलं. ते अडीच किलोच्या आसपास होतं, आणि टिपलेलं त्यावर परत बघताही येत नसे. १९८५ मध्ये ऑडिओ कॅसेटएवढ्या आठ मिलिमीटर टेपचे कॅमेरे आले. १९८९ मध्ये पासपोर्टएवढा म्हणून जाहिरात झालेला ७९० ग्रॅमचा कॅमेरा आला आणि ‘हातात मावणारा’ हे शब्द खरे झाले. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली, तीही अशाच एका व्हिडिओ कॅमेऱ्यासोबत. आज प्रत्येक मोबाइलमध्ये असलेल्या बॅटरीची सुरुवात घरगुती शूटिंगच्या गरजेतून झाली, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्या काळात कोकणातल्या गावात मात्र कॅमेरा म्हणजे लग्नातला शूटिंगवाला. खांद्यावर व्हीएचएसचं धूड, मागे वायर सांभाळणारा पोरगा, आणि त्याच्या हातात डोळे दिपवणारा हॅलोजन. घरचा कॅमेरा आला तो आखातातून. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची किती माणसं दुबई, मस्कत, कुवेतला होती, हे इथे वेगळं सांगायला नको. सुट्टीला येताना टू-इन-वनच्या, म्हणजे रेडिओ-कॅसेटच्या, जोडीला कॅमेरा येऊ लागला. तो घेतला की बाजूचा माणूस पहिला प्रश्न विचारायचा, ‘पाल आहे ना?’

हा प्रश्न साधा नव्हता. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रांचं, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. अमेरिका आणि जपानची पद्धत एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३० चित्रांची. आखातातला कॅमेरा बहुतेक वेळा पाल निघायचा आणि घरच्या टीव्हीवर बिनतक्रार चालायचा. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेला कॅमेरा लावला की चित्र काळंपांढरं दिसायचं, नाहीतर वरखाली पळायचं. एकाच वाडीतली दोन घरं, दोन्हींकडे कॅमेरे, पण एकाची कॅसेट दुसऱ्याकडे चालत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मला नीट ठाऊक असलेला काळ इथून पुढचा. १९९५ मध्ये डिजिटल टेपची पद्धत आली, तिची छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत चाकरमान्यांच्या बॅगेतून मिनीडीव्ही कॅमेरे गणपतीला गावी येऊ लागले. मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेला, बिलाशिवायचा, पण चालणारा. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, तिच्यात ६.३५ मिलिमीटर रुंदीची टेप, साध्या वेगात ६० मिनिटं. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि तासाभराच्या शूटिंगला साधारण १३ जीबी जागा. तेव्हा घरातल्या अख्ख्या संगणकाची हार्ड डिस्क २० किंवा ४० जीबीची असायची, हे ध्यानात घेतलं की त्या चिमुकल्या कॅसेटमध्ये किती मावत होतं ते कळतं.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘८०० एक्स’ लिहिलेलं असे. त्यातला कामाचा, भिंगाचा झूम २० पट. बाकीचं चित्र नुसतं ताणलेलं. कॅमेरे लहान होत गेले तशी आतली, उजेड टिपणारी सेन्सरची चिपही लहान झाली आणि संध्याकाळनंतर चित्रात दाणे दिसू लागले. माटवीच्या पिवळ्या बल्बखाली बाप्पाचा चेहरा ओळखू यावा एवढीच आमची मागणी होती, आणि तेवढीही सगळे कॅमेरे पुरवत नव्हते. अंधारात इन्फ्रारेडवर हिरवट चित्र देणारी सोय आली ती दशावतारी नाटकाच्या रंगपटात पोरांच्या फार उपयोगी पडली. रंग गेला तरी संकासूर दिसतो, हेच पुष्कळ.

या यंत्राचा खरा वैरी होता ओलावा. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि गणपती त्याच दिवसांत. माझा चुलतभाऊ एका वर्षी रात्रभर एसी डब्यातून प्रवास करून सकाळी कुडाळला उतरला, घरी पोचला तोवर आरती उभी राहिली होती. कॅमेरा बाहेर काढला, बटण दाबलं, आणि पडद्यावर थेंबाची खूण लुकलुकू लागली. कॅमेरा काही केल्या चालेना. यंत्राचा दोष नव्हता. टेपवर चित्र उमटवणारी ‘हेड’ ज्यावर बसवलेली असतात तो आतला गोल, म्हणजे ड्रम, मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि टेप त्याला अलगद चाटून जाते. थंड धातूवर दमट हवेचं पाणी जमलं की टेप ड्रमला चिकटते आणि गुंडाळली जाते. म्हणून कॅमेरा स्वतःच थांबतो. पुस्तिकेत लिहिलेलं असे, कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, तासभर थांबा. आरती तासभर थांबत नाही. त्या वर्षीची आरती आमच्याकडे नाही. पुढच्या वर्षापासून भाऊ कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून पडवीत तासभर ‘मुरवायचा’ आणि मगच उघडायचा. हा उपाय आजच्या कॅमेऱ्यालाही तितकाच लागू आहे, कारण भिंगाच्या आतल्या बाजूला धुकं तसंच साचतं, आणि वर्षानुवर्षं साचलं की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते.

आता ज्या निर्णयाने आजची सगळी निवड ठरवली त्याबद्दल. घरगुती कॅमेऱ्यातून टेप काढून टाकायची, हे कारखानदारांनी साधारण २००३ ते २०१० या काळात ठरवलं. त्यांची बाजू खोटी नव्हती. ड्रम, चाकं, दोऱ्यासारखी ताणलेली टेप, ही सगळी नाजूक यंत्रणा गेली की कॅमेरा हलका होतो, स्वस्त होतो, थेंबाची खूण कायमची जाते. हवा तो प्रसंग शोधायला टेप मागेपुढे पळवावी लागत नाही. आणि टेप संगणकात उतरवायची तर तासाच्या टेपला तासभर बसावं लागे, मध्ये वीज गेली की पहिल्यापासून. त्या वर्षांतलं आमच्याकडचं भारनियमन आठवलं की टेपच्या जागी आलेल्या मेमरी कार्डाची ओढ समजते.

पण टेपमध्ये एक गोष्ट होती जी त्या हिशेबात कुणी धरली नाही. टेप हेच टिपण आणि टेप हीच साठवण. शूटिंग झालं, कॅसेट काढली, लाल खिटी सरकवली म्हणजे वरून पुसलं जात नाही, चिठ्ठीवर ‘गणपती २००३’ लिहिलं, फडताळात ठेवली. संपलं काम. घरात संगणक असायची गरज नव्हती, आणि तेव्हा तो बहुतेक घरांत नव्हताही. कार्ड आलं तसं टिपणं आणि सांभाळणं ही दोन वेगळी कामं झाली. दुसरं काम करायला घरात ना माणूस होता, ना साधन. कार्ड महाग, म्हणून एकच. ते भरलं की रिकामं करायचं. रिकामं करायचं म्हणजे कुठेतरी उतरवायचं, आणि ‘कुठेतरी’ म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत, नाहीतर भाच्याच्या लॅपटॉपवर, जो पुढे बिघडला.

मधल्या काळात डीव्हीडीचे कॅमेरे आले. आठ सेंटिमीटरची छोटी तबकडी, घरच्या प्लेअरमध्ये थेट चालणारी. आमच्याकडे ती कल्पना फार आवडली, कारण टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर घरोघर होता. पण एका तबकडीत २० ते ३० मिनिटं, आणि शेवटी ती ‘फायनलाइज’ करावी लागे. ते केल्याशिवाय दुसऱ्या प्लेअरमध्ये चालत नसे, आणि ते करताना बॅटरी संपली तर सगळंच धोक्यात. लग्नघरात चार्जिंगचा पॉइंट शोधत फिरणारा माणूस मी पाहिला आहे, तबकडी फायनलाइज करायला. मग हार्ड डिस्कचे कॅमेरे आले. तासन्‌तास शूटिंग, पण हातातून पडला की आतली डिस्क गेली. २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही पद्धत जाहीर झाली, तिने एचडी चित्र आटोपशीर फाइलमध्ये बसवलं, आणि टेपचा शेवट नक्की झाला. त्या फाइली तेव्हाच्या संगणकावर अडखळत, हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसत. तरी बाजाराने मागे पाहिलं नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. ओल्या हवेच्या किनाऱ्यावर टेपला बुरशी धरते, हे खरं. आमच्याच फडताळातल्या तीन कॅसेटच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, आणि त्या मी यंत्रात घालत नाही, कारण एक घातली की ड्रम खराब होतो. पण बाकीच्या अकरा चालतात. २००३ मधला, देवाला गाऱ्हाणं घालतानाचा आजोबांचा आवाज त्यांत आहे. उलट २०११ मध्ये कार्डावर टिपलेल्या पुतणीच्या बारशाचं एकही चित्र घरात उरलेलं नाही. बुरशीने नेलं नाही, आम्हीच पुसलं, शिमग्याच्या पालखीसाठी जागा हवी म्हणून. टेप काढण्याचा निर्णय यंत्राच्या बाजूने बरोबर होता, घराच्या बाजूने घाईचा होता. घरातली माणसं त्यासाठी तयार व्हायच्या आतच तो घेतला गेला.

टेपवाल्यांनाही आता सुटका नाही. कॅमेरा जोडून टेप उतरवायची फायरवायरची खाच संगणकांतून गेली. जिच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या १९८३ च्या यंत्राच्या जातीची बेटामॅक्स कॅसेट २०१६ च्या मार्चमध्ये बनायची थांबली. ज्यांच्याकडे जुन्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत त्यांनी चालू कॅमेरा सापडेल तोवर त्या उतरवून घ्याव्यात, ही विनंती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटापट. २००७ च्या सुमारास अमेरिकेत खिशात मावणारा, यूएसबीचं टोक बाहेर येणारा फ्लिप कॅमेरा फार खपला. ती कंपनी २००९ मध्ये ५९ कोटी डॉलरला विकली गेली, आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिप बंदही झाला. मोबाइलने ती जागा घेतली. फोटोच्या कॅमेऱ्यांनीही व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली, पण त्यातले बरेचसे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबत. याचं कारण तांत्रिक कमी आणि युरोपातल्या जकातीचं जास्त. अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग टिपणारा कॅमेरा तिथे ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरून त्यावर वेगळा कर लागत असे. दशावतारात राजाचं भाषण ऐन रंगात आलं की कॅमेरा बंद पडायचा तो त्या दूरच्या करापायी.

मालवणच्या किनाऱ्यावर अ‍ॅक्शन कॅमेरा रुळला तो स्कूबामुळे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलेल्या पर्यटकाला त्याचं शूटिंग देण्याची पद्धत पडली आणि गावातल्या पोरांच्या हाती हे कॅमेरे आले. आधी त्यांना पारदर्शक डबी लागायची. गोप्रोचा २०१६ चा कॅमेरा डबीशिवाय १० मीटरपर्यंत पाण्यात चालू लागला. खाऱ्या पाण्यातून काढला की गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बॅटरीच्या दारावरची रबराची कडा केसाएवढ्याही रेतीशिवाय बंद करायची, हे इथली पोरं पुस्तिका न वाचता शिकली. २०१८ मध्ये आलेला ऑस्मो पॉकेट हा दांड्यावरचा कॅमेरा आणि त्याची पुढची भावंडं हात हलला तरी चित्र स्थिर ठेवतात. २०२३ च्या आवृत्तीत एक इंची सेन्सर आला, म्हणजे माटवीच्या उजेडाचा जुना प्रश्न बराचसा सुटला. पण तो पाण्याचा नव्हे. पावसात आणि होडीत अ‍ॅक्शन कॅमेरा, घरात आणि रात्रीच्या देवळात पॉकेट, अशी सरळ वाटणी आज आमच्याकडे झाली आहे.

यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘पाल’ हा शब्द अजून दिसतो, काहींत नुसतं ५० किंवा ६० हर्ट्‌झ असतं. टीव्हीशी त्याचा आता संबंध उरला नाही, पण विजेशी आहे. ६० वर ठेवून देवळातल्या ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं तर चित्र लुकलुकतं किंवा त्यावरून काळे पट्टे सरकतात. डब्यातून काढल्या काढल्या ते ५० वर आणावं.

आणि जागेचा हिशेब. चांगल्या दर्जाचं ‘फोर-के’ सेकंदाला १०० मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला ४५ जीबी. रात्री अकराला उभा राहिलेला दशावतार पहाटे पाचपर्यंत चालला तर २७० जीबी. मिनीडीव्हीच्या सहा कॅसेट लागायच्या. आता २५६ जीबीचं एक कार्ड त्याला पुरत नाही, आणि ते घरी नेऊन दोन वेगळ्या डिस्कवर उतरवेपर्यंत पुसायचं नाही. आमच्या घरात ते काम गेल्या वर्षीपासून पुतणीकडे आहे, तीच, जिच्या बारशाचं चित्र राहिलं नाही.