कालव्यावरचा एक दिवस: ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते डंडास आणि परत

इंग्लंडात बाथजवळच्या कालव्यावर आम्ही दिवसभरासाठी बोट भाड्याने देतो. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: "दिवसभरात काय काय कव्हर होतं?" उत्तर आधीच देऊन टाकतो. साधारण साडेचार मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं. एका बाजूने सात किलोमीटर. वाटेत दोन जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी नदीवरून नेणारे पूल, झाडांनी गच्च भरलेली दरी आणि काठाला बांधलेल्या बोटींची न संपणारी रांग. सकाळी बाथ, दुपारी स्टोनहेंज आणि रात्री लंडन अशी सहल हवी असेल तर जरूर करा, फक्त त्या दिवशी आमची बोट घेऊ नका. आमच्याकडून नाराज होऊन गेलेले थोडे ग्राहक सगळे घाईतलेच होते.

मुलांकडे इंग्लंडला आलेले आई-बाबा आणि शनिवारी त्यांना कुठे न्यावं या विचारात पडलेली मुलं, हे पत्रक मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

हा कालवा कसला?

कालवा म्हटलं की आपल्याला पाटबंधारे खातं, आवर्तन आणि उसाला सुटलेलं पाणी आठवतं. केनेट अँड एव्हन कालवा शेतीसाठी नव्हे, माल वाहायला खणला. जॉन रेनी या इंजिनियरने आखलेलं हे काम १८१० मध्ये पुरं झालं आणि ब्रिस्टलहून लंडनपर्यंत माल पाण्यावरून जाऊ लागला. बोट ओढायला काठाने घोडा चाले. ज्या पायवाटेवर आज लोक कुत्री फिरवताना दिसतील, ती त्या घोड्याची वाट. पुढे १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे आली, आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतल्यावर कालव्याचं जे व्हायचं ते झालं. आपण जातो तो दरीतला पट्टा तर गळतीमुळे १९५४ पासून बंदच होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून कालवा जिवंत केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांनी तो पुन्हा खुला केला.

बोट तुम्हीच चालवायची

परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी आमचा माणूस सगळं दाखवतो आणि थोडं अंतर सोबत येतो. बोट चाळीस फूट लांब आणि सहा फूट दहा इंच रुंद, म्हणजे चाळीतल्या व्हरांड्याला इंजिन लावल्यासारखी. मागे उभं राहून टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं, तेही दोन-तीन क्षणांनी. वळली नाही म्हणून आणखी ढकलाल तर समोरच्या झुडपात शिराल. गाडी चालवणाऱ्यांना पहिली वीस मिनिटं हे जड जातं. आयुष्यात स्टिअरिंग न धरलेल्या आज्या लवकर शिकतात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय.

ब्रेक नसतो. थांबायचं तर रिव्हर्स गिअर, आणि तोही वेळेवर. समोरून बोट आली की उजवीकडे सरकायचं. इंग्लंडातले रस्ते डावीकडचे, पाणी उजवीकडचं. वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून त्याच्याही निम्म्याने जा. त्या बोटींत लोक राहतात. तुमच्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात, शेगडीवरचं दूध सांडतं. "स्लो डाउन!" असा आवाज आला तर तो तुम्हालाच आहे. हात वर करून सॉरी म्हणा आणि हळू व्हा.

वाटेत

साधारण पाऊण तासात एव्हनक्लिफ येतं. इथे कालवा नदीच्या डोक्यावरून पलीकडच्या काठाला जातो. खाली एव्हन नदी आणि रेल्वेरूळ, वर आपण. पुलाच्या दोन्ही टोकांना काटकोनी वळण आहे आणि पलीकडचं दिसत नाही, म्हणून भोंगा वाजवा. शेजारी चिमुकलं स्टेशन आहे. तिथे गाडी हवी असेल तर ड्रायव्हरला हात दाखवावा लागतो, अगदी आपल्या एसटीसारखा.

डंडासला कालवा दुसऱ्यांदा नदी ओलांडून मूळ काठाला परत येतो. हा पूल १८०५ मध्ये वापरात आला. ज्यांचं नाव याला दिलंय ते चार्ल्स डंडास हे कालवा कंपनीचे पहिले अध्यक्ष. इथेच सॉमरसेटच्या खाणींतून कोळसा आणणारा दुसरा कालवा येऊन मिळायचा. त्या कालव्याची मोजणी करताना विल्यम स्मिथला खडकांचे थर कळत गेले आणि १८१५ मध्ये त्याने इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा छापला. पुलाच्या तोंडाशी पाणी रुंद आहे. तिथे बोट वळवायची, काठाला बांधायची आणि डबे उघडायचे. बोट बांधून पुलाखाली नदीपर्यंत उतरा. बोटीत बसून पुलाची कमान दिसत नाही.

लॉक, म्हणजे बोट पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दरवाज्यांचा हौद, या वाटेवर एकही लागत नाही. ब्रॅडफर्डचं लॉक ओलांडलं की बाथपर्यंत नऊ मैल पाणी एकाच पातळीवर आहे, आणि आमची बोट त्या लॉकच्या खालच्या बाजूला असते. पण ते बघायला अर्धा तास लवकर या. दोन दरवाज्यांमधल्या हौदात बोट घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या झडपा किल्लीने उघडायच्या. पाणी भरतं तशी बोट वर चढते. पंपाची गरजच नाही. दरवाजा ढकलायला हात लावलात तर लोक खूश होतात.

थोडं कामाचं

गॅस आणि किटली बोटीत आहे, चहा-साखर आणा. पोळी-भाजी घरून. बोटीत फोडणी देऊ नका, अलार्म बोंबलतो. लहान मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं. बोट भिंतीला लागतेय असं वाटलं तर हात किंवा पाय मध्ये घालू नका. ती कित्येक टनांची आहे, लागू द्या. कुणी पाण्यात पडलं तर सर्वांत आधी गिअर न्यूट्रलला. टॉयलेटमध्ये कागदाव्यतिरिक्त काही टाकू नका. तुंबलेलं आम्हालाच उपसावं लागतं.

पावसात बोट निघते, रेनकोट आम्ही देतो. जोराच्या वाऱ्यात निघत नाही, पैसे परत. बाथहून ब्रॅडफर्डची रेल्वे पाव तासाची. साडेनऊला धक्क्यावर या, पाचच्या आत परत आणा. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचला अंधारतं, तेव्हा दुपारी एकच्या आधी डंडासहून परत फिरा.