सही एन्क्रिप्ट केली म्हणजे काम झालं, असं नसतं हो

फोंड्याच्या एका पतसंस्थेत टॅबलेटवर सही घ्यायचं सॉफ्टवेअर बसवत होते, मी विचारलं सह्या साठवताय कशा, तर उत्तर आलं "एन्क्रिप्टेड आहेत, काळजी नको". पणजी-मडगावातही हेच ऐकून कान किटले, म्हणून एन्क्रिप्शनपेक्षा कॅन्सलेबल टेम्प्लेट, म्हणजे सहीचा रद्द करता येणारा साचा, का बरा ते एकदाचं लिहूनच टाकतो.

एन्क्रिप्शन सगळ्यांना माहितीय, माहिती कुलूपबंद करायची, ‘की’ म्हणजे गुप्त किल्ली असली तर उघडते, नसली तर नाही. पासवर्डसारखं हॅश करू, म्हणजे मूळ परत काढता न येणारा ठसा तेवढा ठेवू, असं म्हणणाऱ्यांनी लागोपाठ तीनदा सही करून बघा, माझी शिरोरेघ एकदा लांबते, एकदा शेवटचा फाटा अर्धाच राहतो. एसएचए-२५६ या हॅशच्या पद्धतीला तेवढा फरक पुरे, हॅश पार वेगळा येतो, मग जुळवणार काय?

आता खरी गोम. सही जुळवताना पेनाचा वेग, दाब, कुठे उचललं हे सगळं ताडून बघायचं असतं. साध्या एन्क्रिप्शनमध्ये त्यासाठी साठवलेली सही आधी उघडावीच लागते, म्हणजे दर व्यवहाराला ती सर्व्हरच्या मेमरीत उघडी, आणि की पण तिथेच हाताशी. तिथे कोणी घुसला की सगळ्या सभासदांच्या सह्या गेल्या. पासवर्ड बदलता येतो, पण चाळीस वर्षं एकच सही करणाऱ्या आजोबांना हाताचं वळण बदला म्हणून कसं सांगणार?

कॅन्सलेबल टेम्प्लेटमध्ये मूळ सही साठवतच नाहीत. आयबीएमच्या राथा, कॉनेल आणि बोले यांनी ही कल्पना २००१ मध्ये मांडली, सहीसाठी माइयोराना, कांपिसी वगैरे संशोधक मंडळींनी २०१० च्या शोधनिबंधात बायोकन्व्होल्व्हिंग ही पद्धत मांडली. पेनाच्या हालचालीची मालिका कीने ठरवलेल्या जागी तोडायची, तुकडे गणिताने एकमेकांत मिसळायचे आणि फक्त ते मिश्रण ठेवायचं. नवी सही आली की तिचंही तसंच मिश्रण करून मिश्रणाशीच ताडायचं, जुनं काही उघडायचं नाही. मिश्रणावरून मूळ सही काढणं फार अवघड, आणि चोरी झालीच तर की बदला, त्याच सहीचं नवं टेम्प्लेट करा, जुनं रद्द. दोन संस्थांच्या की वेगळ्या असल्या की चोरलेली टेम्प्लेटं एकमेकांशी जुळवताही येत नाहीत. आयएसओ/आयईसी २४७४५ या बायोमेट्रिक माहिती जपण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात याच गोष्टी मागितल्यात.

जुळणीची अचूकता थोडी घटते, ते मला चालतं. तोडणं-मिसळणं मात्र टॅबलेटवरच व्हायला हवं, कच्ची सही सर्व्हरवर पाठवून तिथे मिसळण्यात काय अर्थ आहे! आणि टेम्प्लेट ठेवताना वरून एन्क्रिप्शनही लावाच. सॉफ्टवेअर विकायला कोणी आला की त्याला एवढंच विचारा, "जुळवताना साठवलेली सही उघडता का?" हो म्हणाला तर पैसे देऊ नका.