जुन्या पीसीवरील ग्राफिक्स कार्डाची ओळख

यंत्रात कोणते डिस्प्ले कार्ड आहे हे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील प्रोग्रामने सुरू होताच स्वतः शोधून काढण्याची पद्धत. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी दोन कार्डे मिळत: फक्त अक्षरे दाखवणारे एकरंगी एमडीए आणि रंगीत सीजीए. पुढे एकरंगी हर्क्युलिस (१९८२), ईजीए (१९८४) आणि व्हीजीए (१९८७) आली. अक्षरांची मेमरी एकरंगी कार्डावर बी००० सेगमेंटला (मेमरीतील पत्त्याला), तर रंगीत कार्डावर बी८०० ला असे. भलतीकडे लिहिले की पडदा कोराच.

तपासणी नव्याकडून जुन्याकडे जाते, कारण जुन्या कार्डांना आपले नाव सांगता येत नाही. आधी प्रोसेसरच्या एएक्स या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवण्याच्या छोट्या जागेत; एएल, एएच, बीएल हीही रजिस्टरेच) १ए०० भरून बायोसचा (यंत्रातील कायमच्या मूळ प्रोग्रामचा) इंटरप्ट १०, म्हणजे त्याची पडद्याची सेवा, बोलावतात (येथील असे आकडे षोडशमान, म्हणजे १६ च्या पायावरचे). एएलमध्ये १ए परत आले तर बीएलमधील ८ म्हणजे रंगीत व्हीजीए, ७ म्हणजे एकरंगी. तसे झाले नाही तर एएचमध्ये १२ आणि बीएलमध्ये १० भरून तोच इंटरप्ट पुन्हा बोलावतात. ईजीएचा बायोस बीएलमध्ये मेमरीचे माप ठेवतो: ० म्हणजे ६४ केबी, ३ म्हणजे २५६ केबी. त्याआधीच्या बायोसला हे काम ठाऊकच नाही, त्यामुळे १० जसेच्या तसे परत येते. ईजीए नाही हे त्यावरूनच कळते.

याच्या खाली बायोसचा उपयोग नाही, थेट चिप चाचपावी लागते. एमडीए, सीजीए आणि हर्क्युलिस तिन्हींवर मोटोरोलाची ६८४५ ही चिप किंवा तिच्यासारखीच चालणारी दुसरी असते. कर्सरची जागा सांगणाऱ्या, चिपच्या ०एफ या रजिस्टरमध्ये ६६ लिहायचे, क्षणभर थांबून वाचायचे आणि मूळ आकडा परत ठेवायचा. ६६ वाचता आले तर चिप आहे: पोर्ट (कार्डाशी बोलण्याचा क्रमांकित मार्ग) ३बी४ वर एकरंगी, ३डी४ वर रंगीत. दोन्हीकडे सापडली तरी गोंधळू नये; एका यंत्रात दोन्ही कार्डे बसत.

खरी गंमत हर्क्युलिस आणि एमडीए वेगळे करण्यात आहे. पोर्ट ३बीए वाचत राहायचे. हर्क्युलिसवर त्यातील सर्वांत वरचा बिट, म्हणजे बिट ७, पडद्याच्या प्रत्येक फेरीला, सेकंदाला सुमारे ५० वेळा, पालटतो. एमडीएवर तो ढिम्म राहतो. प्रचलित कोड ३२,७६८ वेळा वाचून पाहतो आणि मगच एमडीए असल्याचा निर्वाळा देतो.

एसव्हीजीएच्या, म्हणजे व्हीजीएच्या पुढच्या कार्डांच्या, काळात प्रत्येक कंपनीची खूण निराळी झाली. एटीआयच्या बायोसमध्ये ‘७६१२९५५२०’ हा मजकूर शोधत. पुढे पीसीआय ही कार्डे जोडण्याची नवी व्यवस्था आली आणि प्रत्येक कार्डाला वाचता येण्याजोगा उत्पादक क्रमांक मिळाला, एस३ या कंपनीला तर ५३३३.

महाराष्ट्रातील इंजिनिअरिंग कॉलेजांत टर्बो सी (बोर्लंड कंपनीचे सी भाषेचे साधन) शिकलेल्यांनी ही तपासणी नकळत केलेली आहे: ‘डिटेक्ट’ देऊन ग्राफिक्स सुरू करणारे इनिटग्राफ फंक्शन बोलावले की बोर्लंडची लायब्ररी हेच काम करते. ग्राफिक्सचे ड्रायव्हर ठेवलेल्या बीजीआय फोल्डरचा पत्ता चुकल्यावर कार्डाला दोष देण्यात अर्थ नसे. कार्ड ओळखलेले असे, सापडत नसे ती ड्रायव्हरची फाइल. आता डॉसबॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘मशीन’ या सेटिंगला हर्क्युलिस लिहिले की नसलेल्या कार्डाचाही पोर्ट ३बीएवरील बिट ७ पालटू लागतो.