बंद कापडगिरणी (मुंबई)

काम थांबलेल्या आणि यंत्रे निघून गेलेल्या कापडगिरणीची वास्तू. मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावर यांच्या कंपनीने १८५४ मध्ये ताडदेवला काढली. तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, काळाचौकी, वरळी या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्यानंतर एकेक भोंगा गप्प झाला.

गिरणी बंद पडल्यावर आधी येतो तो भंगारवाला. साचे (कापड विणायचे यंत्रमाग), मोटारी, तांब्याच्या तारा जातात. राहतात त्या भिंती आणि जमिनीवरच्या खुणा. त्या वाचता आल्या तर रिकामी गिरणीही खात्याखात्याने कळते. साचेखाते बहुधा तळमजल्यावर असे, कारण शेकडो साच्यांचा हादरा वरच्या मजल्याला सोसत नसे. त्याचे छप्पर दातेरी. काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड भरपूर आणि ऊन कमी. जमिनीत बोल्टांची भोके ओळीने दिसतात. साचे समोरासमोर मांडलेले असत आणि विणकर मधल्या वाटेत उभा राहून दोन्ही बाजूंचे साचे पाही. मागच्या वाटेने ताण्याचे बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले मोठे रूळ, येत. छताजवळच्या आडव्या नळ्या बाष्पाच्या: हवा कोरडी झाली की ताण्याचा धागा तुटतो, म्हणून साचेखात्यात सुमारे ८० टक्के आर्द्रता राखावी लागे.

बहुमजली इमारत कताईची. थ्रॉसल खात्यात, म्हणजे चात्यांच्या यंत्रांखाली, लाकडी जमीन तेलाने काळी पडलेली असते. तुळयांवरचे लोखंडी ब्रॅकेट ही लाइनशाफ्टची, म्हणजे यंत्रांना गती देणाऱ्या लांब फिरत्या दांड्याची, जागा. इमारतीच्या एका टोकाला तळापासून वरपर्यंत जाणारी अरुंद उंच खोली दिसली, तर वाफेच्या इंजिनाचे सुती दोर तिथून प्रत्येक मजल्यावर जात होते असे समजावे. खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईत आली आणि इंजिने हळूहळू निवृत्त झाली. चिमण्या मात्र उभ्या राहिल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात आहे.

आत जायचे ते जागेच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन, दिवसा, किमान तिघांनी. कडक टोपी, जाड तळव्याचे बूट आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी हवी. दातेरी छपरांमधल्या पन्हाळीत पाला साचतो, पिंपळ रुजतो, पाणी तुंबते आणि तिच्यालगतचे लाकूड सर्वांत आधी कुजते. पोकळ बिडाच्या खांबांतून पावसाचे पाणी खाली नेलेले असेल तर खांबही आतून गंजतो. बाहेरून ठणठणीत दिसला म्हणून त्यावर भार टाकू नये. वरच्या मजल्यावर खिळ्यांच्या ओळी शोधाव्यात. त्यांच्याखाली तुळई असते, चालायचे तिच्यावरूनच. दोन ओळींमधल्या फळ्यांचा भरवसा नाही. पावसाळ्यात वर जाऊच नये.

सर्वांत वाईट जागा ब्लोरूमची, म्हणजे कापूस पिंजून साफ करण्याच्या खात्याची. तिथल्या जमिनीखाली धुळीचे भुयार असते आणि वरची लोखंडी झाकणे भंगारात गेलेली असतात. त्यावर पुठ्ठा किंवा पत्रा पडला असेल तर भोक दिसतही नाही. बॉयलरपासून चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या बोगद्यात शिरू नये, आत हवा खेळत नाही. चिमणीवरची वीजरोधक तांब्याची पट्टी चोरीला गेलेली असली तर वीज थेट विटांवर येते, म्हणून पायथ्याशी पडलेल्या विटा दिसल्या की तिथून लांब राहावे. तुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे हलवू नयेत. तेल मुरलेल्या जमिनीवर काडी किंवा विडी म्हणजे आगीला आमंत्रण.

हे सारे किती काळ पाहता येईल, ते जमिनीच्या नियमांवर ठरते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे विकासाला निघालेली गिरणीची जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात साधारण तिहाई वाटायची होती. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. इमारत पाडून मोकळी झालेली जागा त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.