मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार: त्या गुरुवारच्या आधी

मॉन्टगोमेरी ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी. १९५०च्या दशकात तिथल्या सिटी बसचे बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीय होते. तरी पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. बसमध्ये एकही गोरा नसला तरी त्या रिकाम्याच ठेवायच्या. पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरकडे पैसे भरायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत शिरायचं. कधीकधी माणूस मागच्या दारापर्यंत पोचायच्या आतच बस सुटायची. पैसे गेले ते गेलेच, वर कामाला उशीर.

याला कायद्याचं पाठबळ होतं. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केलं: गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवलं तरी सोयी समान असल्या की झालं. मे १९५४मध्ये ब्राउन खटल्यात त्याच न्यायालयाने ते सरकारी शाळांपुरतं मोडीत काढलं. बसमधली व्यवस्था तशीच चालू राहिली.

रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत आणि त्यातून बहिष्कार सुरू झाला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या गोष्टीत जो अ‍ॅन रॉबिन्सन हरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. अलाबामा स्टेट कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत. १९४९च्या डिसेंबरात जवळपास रिकाम्या बसमध्ये त्या पुढे बसल्या, तर ड्रायव्हर ओरडत अंगावर आला. त्या रडत उतरल्या. पुढच्याच वर्षी त्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. ब्राउनच्या निकालाला चार दिवस होतात न होतात तोच त्यांनी महापौर गेल यांना पत्र लिहिलं: बसवर बहिष्कार टाकायची चर्चा लोकांत सुरू आहे. म्हणजे रोझाबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी!

मार्च १९५५मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनने जागा सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला ओढत बसमधून उतरवलं. तिच्या नावाने लढा उभारायचं मात्र पुढाऱ्यांनी टाळलं. ऑक्टोबरात अठरा वर्षांच्या मेरी लुईस स्मिथलाही अटक झाली.

मग १ डिसेंबर, गुरुवार. शिवणकाम करणाऱ्या ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेत १९४३पासून चिटणीस म्हणून राबत होत्या. एका गोऱ्या प्रवाशाला बसता यावं म्हणून ड्रायव्हरने रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघे उठले, त्या बसून राहिल्या. रेल्वे कामगारांचे नेते ई. डी. निक्सन यांनी जामीन भरून त्यांना सोडवून आणलं.

त्याच रात्री रॉबिन्सनबाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रापाशी उभ्या राहिल्या. एका कागदावर तीन पत्रकं बसतील एवढाच मजकूर: आणखी एका बाईला अटक झालीय, उद्या ही वेळ तुमच्यावर, तुमच्या मुलीवर, आईवर येईल, सोमवारी बसमध्ये चढू नका. पहाटेपर्यंत हजारो पत्रकं छापून, कापून, गठ्ठे बांधून तयार होती. सोमवारी बस जवळपास रिकाम्या धावल्या. त्या संध्याकाळच्या सभेत बोलले ते २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग.

एका सोमवारपुरता पुकारलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधलं पृथक्करण कायद्याने संपवलं ते 'ब्राउडर विरुद्ध गेल' या खटल्याने. त्यात रोझा पार्क्सचं नाव नाही. फिर्यादींमध्ये होत्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन.