नाशिकरोड परिसरात पहिले घर घेताना

पहिले घर घेणारी बहुतेक कुटुंबे आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा विसार देऊन झालेला असतो. फ्लॅट आवडलेला असतो, चांगला दिवस पाहून रक्कम दिलेली असते आणि हातात एक साधी पावती असते. मग गृहकर्जासाठी बँक एकेक कागद मागू लागते आणि तेव्हा प्रश्न सुरू होतात. हे माहितीपत्रक विसार देण्याच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत वाचावे, या हेतूने लिहिले आहे. मालमत्तेची कागदपत्रे तपासणे आणि गृहकर्जाची फाईल तयार करून देणे एवढेच आमचे काम आहे. आम्ही घरे विकत नाही आणि कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाकडून दलाली घेत नाही.

स्टेशन जवळ आहे, म्हणजे किती जवळ?

जेल रोड, दत्त मंदिर, उपनगर, विहितगाव, सिन्नर फाटा या भागांतील प्रत्येक जाहिरातीत नाशिकरोड स्टेशनचा उल्लेख असतो आणि तो योग्यच आहे, कारण या परिसराच्या दरात स्टेशनचा वाटा मोठा आहे. नाशिकरोडहून मुंबई रेल्वेने सुमारे १८७ किलोमीटरवर आहे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या पासधारकांची या शहरात जुनी परंपरा आहे. मात्र एका बाजूच्या प्रवासाला साधारण साडेतीन तास लागतात, म्हणजे दिवसाचे सात तास गाडीत जातात आणि त्यात घर ते स्टेशन व मुंबईत स्टेशन ते कचेरी हा वेळ धरलेला नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस मुंबईला जावे लागणाऱ्यांसाठी नाशिकरोडचे घर हा उत्तम निर्णय ठरू शकतो. ज्यांना सहाही दिवस जायचे आहे, त्यांनी आधी याच भागात सहा महिने भाड्याने राहून पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. सहा महिन्यांचे भाडे वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे फार मोठे नाही.

अंतर स्वतः चालून मोजावे. जाहिरातीतील ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे अंतर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर दुचाकीने मोजलेले असू शकते. सिन्नर फाटा रुळांच्या पलीकडे आहे, त्यामुळे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी इमारत प्रत्यक्षात पूल ओलांडून गाठावी लागते. घर पाहायला रविवारी दुपारी जाण्याऐवजी कामाच्या दिवशी सकाळी आपली गाडी सुटण्याच्या तासभर आधी त्या इमारतीच्या दारातून निघून स्टेशनवर पोहोचावे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतावे. नोकरी अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत असेल, तर मोजायचा रस्ता द्वारका चौकातून जातो आणि तेथील सकाळ-संध्याकाळची कोंडी नाशिककरांना सांगायला नको. २०२१ पासून सुरू असलेल्या सिटीलिंक बसचा मार्ग आपल्या वसाहतीजवळून जातो का, रात्रीची शेवटची बस किती वाजता आहे, हेही थांब्यावर उभे राहून विचारावे. शाळकरी मुले आणि वाहन न चालवणारे ज्येष्ठ घरात असतील, तर या प्रश्नाचे महत्त्व स्टेशनइतकेच आहे.

जे धावते आहे त्याचे पैसे द्यावेत

गेल्या काही वर्षांत नाशिकसाठी बरेच काही जाहीर झाले. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२१ मध्ये नाशिकच्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि त्यानंतर तिच्या मार्गाजवळच्या भूखंडांच्या जाहिरातींत तिचे नाव झळकू लागले. परंतु तिची एकही गाडी अद्याप धावलेली नाही. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मार्गाची चर्चा नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रश्नापाशी येऊन पुन्हा पुन्हा बदलली आहे. ‘लोकल नाशिकपर्यंत येणार’ हे वाक्य तर आमच्यापैकी काहींनी लहानपणापासून ऐकले आहे. मुंबईची लोकल आजही कसाऱ्यालाच थांबते. त्यापुढच्या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा तीव्र चढ असून तेथे बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनांचा जोर द्यावा लागतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

याउलट समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्णपणे वापरात आला. त्याचा फायदा आज मिळतो, म्हणून त्यासाठी थोडा अधिक दर देणे समजण्यासारखे आहे, फक्त टोल आणि इंधनाचा महिन्याचा हिशेब आधी मांडावा. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने होत असलेल्या रस्त्यांच्या कामांनाही हीच कसोटी लावावी: रस्ता झाला असेल तर तो मोजावा, कागदावर असेल तर त्याचे मोल शून्य धरावे. जाहीर झालेले प्रकल्प पुढे पूर्ण झाले तर आनंदच आहे. तो लाभ आपल्याला आपोआप मिळेल, त्यासाठी आज हप्ता वाढवून घेण्याचे कारण नाही.

पाण्याची चौकशी दोन अर्थांनी करावी. नळाला पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर किती मागवावे लागतात, हे विक्री कार्यालयात न विचारता शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारावे. दुसरे पाणी पुराचे. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरून आपण पूर मोजतो, पण विहितगाव आणि देवळाली गावाजवळून वालदेवी वाहते, दसक-पंचकला गोदावरी आहे, आणि तेथे मोजायला मारुती नाही. इमारत नदी-नाल्याजवळ असेल, तर मंजूर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषा) कोठून गेली आहे हे वास्तुविशारदाकडून दाखवून घ्यावे आणि २००८ व २०१९ च्या पुरात तेथे काय झाले होते, हे जुन्या रहिवाशांकडून जाणून घ्यावे.

महारेराची नोंद कशी वाचावी

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठपेक्षा अधिक असलेल्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय त्यातील घरे विकता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेही बंधनकारक आहे. तो कोड मोबाईलवर उघडून फक्त ‘नोंदणी आहे’ एवढे पाहून थांबू नये. प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती होती आणि ती वाढवून घेतली आहे का, मंजूर नकाशात किती मजले आहेत आणि आपल्याला दाखवलेला मजला त्यांत आहे का, जमिनीवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, न्यायालयात दावा चालू आहे का, हे सर्व तेथे पाहायला मिळते. विक्रेत्याने तोंडी सांगितलेली ताब्याची तारीख आणि महारेरावरील तारीख यांत फरक असल्यास महारेरावरील तारीख खरी मानावी.

नोंदणीकृत करारनाम्याशिवाय (साठेखताशिवाय) घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. हा नियम ग्राहकांना सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी माहीत आहे. ‘आज वीस टक्के भरा, दर धरून ठेवतो, साठेखत पुढच्या महिन्यात करू’ असे कोणी म्हटल्यास नम्रपणे नकार द्यावा. रोख रक्कम तर अजिबात देऊ नये, कारण तिच्यावर कर्ज मिळत नाही, ती करारात दिसत नाही आणि व्यवहार मोडल्यास ती परत मागण्यास आधार उरत नाही.

क्षेत्रफळाची चर्चा नेहमी कार्पेटमध्येच करावी. कायद्यातील कार्पेट म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापराची जागा: आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. आजही ‘सेलेबल’, म्हणजे जिना-लिफ्टसारखी सामाईक जागा धरून वाढवलेला, आकडा सांगण्याची पद्धत आहे. अशा वेळी एकूण किमतीला कार्पेटने भागून दर काढावा. दोन प्रकल्पांची तुलना केवळ त्याच आकड्यावर होऊ शकते.

जमिनीचे कागद

सातबारा किंवा सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि मागील तीस वर्षांचा शोध अहवाल (जमिनीच्या मालकीच्या नोंदी तपासून वकिलाने दिलेला अहवाल) हे चार कागद प्रत्येक व्यवहारात पाहावेत. सातबाऱ्यावर मालकाचे नाव जुळले की बहुतेक जण कागद मिटतात. आमची विनंती आहे की भोगवटादार वर्ग आणि ‘इतर अधिकार’ हे रकाने अधिक लक्षपूर्वक वाचावेत. भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद असेल, तर ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. इतर अधिकारांत कुळाची नोंद, बँकेचा बोजा किंवा न्यायालयीन दाव्याचा उल्लेख असू शकतो. देवळालीच्या लष्करी हद्दीजवळील बांधकामास संरक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागत होते का आणि ते मिळाले का, हेही विचारावे.

शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकलेले स्वस्त प्लॉट दिसतात. नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले खरेदीखतच लागते. अशा प्लॉटमध्ये आयुष्याची बचत गुंतवलेली माणसे आमच्यासमोर बसतात, तेव्हा त्यांना काय सांगावे हे खरोखर सुचत नाही.

एकूण किती पैसे लागतील

महापालिका हद्दीत ४० लाख रुपयांचा, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेतला असे समजू. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा एक टक्का धरून, सहा टक्के म्हणजे २,४०,००० रुपये होते. करारातील किंमत आणि रेडी रेकनरचे (शासनाच्या दरतक्त्यातील) मूल्य यांपैकी जे अधिक असेल, त्यावर ते आकारले जाते. नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. घराची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असल्यास जीएसटी एक टक्का लागतो, म्हणजे येथे ४०,००० रुपये. ही मर्यादा ओलांडल्यास तो पाच टक्के होतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी नाही. (टिटवाळा किंवा बदलापूरकडे घर पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मुंबई महानगर प्रदेशात हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे.) म्हणजे केवळ शासनाला द्यावयाची रक्कम ३,१०,००० रुपये होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, आणि या मूल्यात मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरला जात नाही. आपल्या उदाहरणात कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख मिळेल. उरलेले आठ लाख आणि वरचे ३,१०,००० असे ११,१०,००० रुपये स्वतःजवळ असावे लागतात. शिवाय बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलांची फी, वीजमीटर, देखभालीची आगाऊ रक्कम आणि घरातील किमान सामान हा खर्च वेगळाच असतो. विक्री कार्यालयात ‘फक्त दहा टक्के भरा’ हे वाक्य ऐकून आलेल्यांना हा आकडा धक्का देतो, म्हणून आम्ही तो पहिल्याच भेटीत सांगतो.

हिशेबापुरता साडेआठ टक्के दर धरल्यास ३२ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता सुमारे २७,८०० रुपये येतो. रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेले व्याज एका टक्क्याने वाढल्यास तोच हप्ता सुमारे २९,८०० होतो. हा दुसरा हप्ता झेपत असेल, तरच पहिला मान्य करावा. बदलत्या दराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीपूर्वी भरल्यास व्यक्तिगत कर्जदारास दंड लागत नाही, त्यामुळे बोनस किंवा भिशीचे पैसे मुद्दलात भरण्याची सवय लावून घ्यावी.

घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. उदाहरणात ४०,००० रुपये वाचतात. पतीचे नाव मालक म्हणून जोडल्यास ही सवलत मिळत नाही. मात्र पती जुन्या करप्रणालीनुसार गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेणार असतील, तर त्यांना मालक असणे आवश्यक असते. दोन्ही हिशेब शेजारी मांडून ठरवावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कोठेही पक्के घर नसल्यास प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान पाहावे. त्यात एकूण १,८०,००० रुपयांपर्यंत साहाय्य टप्प्याटप्प्याने मिळू शकते. वरचा ४० लाखांचा फ्लॅट त्यात बसत नाही.

जुना फ्लॅट घेत असल्यास

स्टेशनच्या अगदी जवळ जुन्या इमारतींतील फ्लॅट मिळतात आणि पहिल्या घरासाठी आम्हाला ते अनेकदा अधिक पसंत पडतात, कारण हवा, पाणी, शेजार सारे समोर दिसते. नाशिकमध्ये अनेक इमारती सोसायटीऐवजी अपार्टमेंट म्हणून घोषित असतात. तेथे सोसायटीच्या भाग दाखल्याऐवजी (शेअर सर्टिफिकेटऐवजी) डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे सदनिकेच्या मालकीचा नोंदणीकृत दस्त, पाहावे लागते. पहिल्या खरेदीपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व मूळ करार, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सारांश), पूर्णत्वाचा दाखला, तसेच घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलाच्या थकबाकी नसल्याच्या पावत्या मागाव्यात. साखळीतील एक मूळ करार हरवला असेल, तरी बँक कर्ज अडवू शकते. विक्रेत्याचे कर्ज चालू असल्यास आपली रक्कम थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्यात जमा करावी.

आमच्याकडे पहिल्या भेटीस येताना निवडलेल्या घराची उपलब्ध कागदपत्रे, मागील सहा महिन्यांचा बँक तपशील, पगारपत्रक किंवा दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि चालू असलेल्या इतर हप्त्यांची माहिती आणावी. दुचाकीचा किंवा मोबाईलचा लहान हप्ताही सांगावा, कारण तो बँकेला दिसतोच. विसार आधीच दिला असल्यास ती पावती संकोच न करता सोबत आणावी. रक्कम दहा टक्क्यांच्या आत असेल आणि खात्यातून दिली असेल, तर बहुतेक वेळा पुढचे काम व्यवस्थित मार्गी लावता येते.