पाण्यातला धातू पट्टीने मोजायचा

टीडीएस मीटर पाण्यात बुडवायचा, पडद्यावर ६० किंवा ८० आकडा आला की पाणी शुद्ध समजून मोकळं व्हायचं, ही सवय बरीच पसरली आहे. मीटर त्याचं काम चोख करतो. पण ते काम एवढंच, की पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहायचं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज द्यायचा. त्यात कॅल्शियम किती नि शिसं किती, हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. घरगुती मीटरचा आकडा सहसा १ मिलिग्रॅमच्या पायरीने पुढे सरकतो. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी त्याला पत्ता लागत नाही. उकळण्याचाही इथे उपयोग नाही. जंतू मरतात, धातू तिथेच राहतो आणि वाफ निघून गेल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतंच.

मग एवढासा धातू साध्या कागदी पट्टीला कसा सापडावा? ५० मायक्रोलिटरचा एक थेंब घेऊ. त्यातलं शिसं अगदी मर्यादेवर असलं, तरी त्या थेंबात शिशाचे जवळजवळ दीड लाख कोटी अणू असतात. तेव्हा अडचण अणू कमी असण्याची नाही. इतर क्षारांच्या त्याहून कितीतरी मोठ्या गर्दीतून नेमके तेच ओळखायचे, ही खरी अडचण आहे.

हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कागदावर पाण्यासाठी वाटा आखून दाखवल्या, आणि या विषयाला वेग आला. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोजला पाणी आवडतं, म्हणून तंतूंमधल्या बारीक फटींतून ते आपोआप पुढे ओढलं जातं. टिपकागद शाई पितो तो याच केशाकर्षणामुळे. पंप नको, वीज नको. फक्त पाणी हव्या त्याच वाटेने जायला हवं, आणि त्यासाठी मेण पुरतं. मेणाच्या प्रिंटरने गाळणकागदावर रेघा छापायच्या आणि कागद तापवायचा. मेण वितळून कागदाच्या आरपार उतरतं आणि पाण्याला ओलांडता न येणारी भिंत तयार होते. ते खाली उतरता उतरता आडवंही पसरतं, म्हणून वाट आखताना हव्या त्या रुंदीपेक्षा थोडी जास्त रुंद ठेवावी लागते.

त्या वाटेवर रंग देणारं रसायन आधीच जिरवून सुकवलेलं असतं. निकेलचं उदाहरण मला सगळ्यांत देखणं वाटतं. निकेलला पकडणारा रेणू म्हणजे डायमिथाइलग्लायॉक्झाइम. रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव्ह चुगायेव यांनी ही अभिक्रिया १९०५ मध्ये दाखवली. निकेलच्या एका आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, असे दोन रेणू दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. चार कोपऱ्यांवर चार नायट्रोजन, मधोमध निकेल. शिवाय ते दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांनाही धरून ठेवतात. तयार होतो एक सपाट, विद्युतभार नसलेला, लालबुंद संयुग. भार नाही म्हणून तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जिथे बनला तिथेच कागदाला चिकटून बसतो.

आता पाणी वाटेवरून चालू लागलं की काय होतं ते बघा. पहिले निकेल आयन तोंडाशीच पकडले जातात आणि तिथलं रसायन संपतं. मागून येणाऱ्यांना तिथे कोणी अडवत नाही, ते थोडं पुढे जाऊन पकडले जातात. त्यांच्यामागचे आणखी पुढे. वाट ठरावीक पाणी पिऊन थांबते तेव्हा लाल रेघेची लांबी आत आलेल्या निकेलचा हिशोब सांगत असते. कडेला खुणा छापलेल्या असल्या की तापमापकातला पारा वाचावा तसं वाचायचं. २०१३ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ही लांबी मोजण्याची पद्धत निकेलसह इतर पदार्थांसाठी करून दाखवली. मला ती फार मोलाची वाटते. रंगाची गडद-फिकट छटा ओळखताना दोन माणसांचे डोळे दोन उत्तरं देतात, मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे तिसरं देतो. रेघेच्या लांबीबाबत सहसा वाद होत नाही.

इथे पाण्याचा वेगही कामी येतो. ल्यूकस आणि वॉशबर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार पाण्याने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पहिल्या सेंटिमीटरला एक मिनिट लागलं, तर दोन सेंटिमीटर गाठायला चार मिनिटं आणि तीनला नऊ. पृष्ठताण ओढत असतो तेवढाच, पण मागे भिजलेली वाट लांबत जाते आणि तिचा अडथळा वाढतो. पाणी असं रेंगाळतं म्हणून अभिक्रिया पुरी व्हायला वेळ मिळतो आणि रेघेचं टोक पुसट होत नाही.

शिशाच्या १० मायक्रोग्रॅमपर्यंत मात्र डोळ्याला दिसणारा रंग सहसा पोचत नाही. तिथे कागदावर कार्बनच्या शाईने इलेक्ट्रोड, म्हणजे वीज नेणारे पट्टे, छापतात. आधी ऋण विभव (विजेचा दाब) देऊन पाण्यातलं शिसं काही मिनिटं इलेक्ट्रोडवर साचवायचं, मग विभव हळूहळू धनाकडे नेत ते पुन्हा विरघळवायचं. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या विभवाला सुटतो आणि सुटताना प्रवाहाची उसळी देतो. कॅडमियमची आधी, शिशाची नंतर. साचवण्यामुळे अत्यल्प धातूही मोजता येतो.

इलेक्ट्रोडचा विषय निघालाच आहे तर एक फसवणूक सांगायलाच हवी. पाण्यात दोन सळ्या सोडून वीज लावतात, पाणी तपकिरी होतं, आणि ‘बघा तुमच्या पाण्यातले जड धातू’ म्हणत शुद्धीकरण यंत्र विकतात. तो गाळ विरघळणाऱ्या लोखंडी सळीचाच असतो. त्यांच्या यंत्राने क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. लोकांना घाबरवून केलेल्या या विक्रीची मला मनापासून चीड आहे.

कागदी पट्टीलाही मर्यादा आहेत. डायमिथाइलग्लायॉक्झाइमला किंचित अल्कधर्मी सामू (पीएच) लागतो. कोबाल्ट त्याच्याशी तपकिरी रंग देतो, तांबं आणि लोहही लुडबुड करतात. त्यांना आधीच बांधून ठेवणारी रसायनं वाटेच्या सुरुवातीला घालावी लागतात. गढूळ पाण्यात शिसं मातीच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. नमुना आम्लात मुरवल्याशिवाय ते सुटं होत नाही आणि पट्टी ‘नाही’ म्हणते. म्हणून पट्टीने संशयित विहिरी निवडायच्या आणि त्यांचं पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं, हे योग्य.

पट्टी खोटं बोलते आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. शेजारी दुसरी वाट आखायची आणि तिच्या तोंडाशी निकेलचा माहीत असलेला डोस आधीच सुकवून ठेवायचा. तेच पाणी दोन्हीकडे सोडल्यावर दुसरी रेघ पहिलीपेक्षा त्या डोसाइतकी जास्त लांब आली, तर पहिलीवर भरवसा ठेवता येतो. ती त्याहून आखूड राहिली, तर पाण्यातलं काहीतरी निकेलला अडवून धरतं आहे, आणि पहिल्या वाटेवरची आखूड रेघही खरी नाही.